बारावी व्होकेशनलच्या इलेक्ट्रिकलला मुली कशा टिकवायच्या?

वर्कशॉपवाली मॅडम, बीड जिल्हा
बारावी व्होकेशनलच्या जागी एमसीव्हीसी (किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम) होतं तेव्हापासून मी कनिष्ठ महाविद्यालयात इलेक्ट्रिकल शिकवते, चौदा वर्षं झाली. यंदा अकरावीला ४० जागांवर ३१ प्रवेश झाले, त्यात मुली दोन. शेजारच्या आरोग्यसेवेच्या वर्गात सगळ्या मुलीच. माझ्या ३१ पैकी १३ जणांचे आईवडील ऊसतोडीला जातात. टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या की हजेरीपट रिकामा होत जातो. मुलगे आजीजवळ राहतात. मुलीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं म्हणून सोबत नेतात, नाहीतर लग्न उरकतात.

परवा दोघींपैकी एकीने टी-जॉइंट मारला, म्हणजे एका वायरच्या मध्यावर दुसरी आडवी जोडली. वायर सोलताना तांब्याला चाकूचा ओरखडासुद्धा नाही, वेढे एकाला एक चिकटून. मी तो जॉइंट सगळ्या वर्गात फिरवला. तिचेही आईवडील कोयत्यावर जाणारे. ही पोर दिवाळीनंतर वर्गात दिसावी, एवढंच मला हवंय. तुम्ही काय केलंत?

शिल्प निदेशक, आयटीआय
मॅडम, आमच्याकडे मुलींना ३० टक्के जागा राखीव आहेत, तरी फिटर-वायरमनला मुली शोधाव्या लागतात. पालकांना पुढची वाट दाखवा. तांत्रिक शाखेतून बारावी झाली की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. शिकाऊ उमेदवारीही (अप्रेंटिसशिप) आहे, त्या कायद्याच्या १९८६ च्या दुरुस्तीपासून व्होकेशनलची मुलं त्यात येतात आणि विद्यावेतन मिळतं. ‘महिन्याला हातात पैसे येतील’ म्हटलं की बाप थांबून ऐकतो.

२००९ ची बॅच
मॅडम, आमच्या तुकडीत मी एकटीच मुलगी होते. मला करंटची भीती कधीच वाटली नाही. एसटी साडेचारला सुटायची आणि प्रॅक्टिकल पाचला. महिनाभर अर्ध्यातून उठून पळाले, मग घरचे म्हणाले, कॉलेज सोड. सरांनी प्रॅक्टिकल सकाळी घेतलं, म्हणून मी टिकले. आज चाकणला पॅनल वायरिंग करते. आधी मुलींच्या बसची वेळ विचारा.

गेवराईकर
ताई, ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत, समाजकल्याणची. शाळेच्या हंगामी वसतिगृहासारखं आठवीला संपत नाही, कॉलेजची मुलंही राहतात. आईवडिलांचं ऊसतोड कामगार ओळखपत्र ग्रामसेवकाकडून आत्ताच काढून घ्या. टोळी निघाल्यावर सहीला कुणी सापडत नाही.

वर्कशॉपवाली मॅडम
२००९ च्या ताई, तुमचं वाचून आज दोघींना विचारलं. मानव विकासची मुलींसाठीची निळी बस सव्वाचारला जाते, आणि माझं प्रॅक्टिकल चौदा वर्षं पावणेपाचला सुटतंय! या आधी सोडून गेलेल्या मुलींना मी हे कधी विचारलंच नाही, फार वाईट वाटलं. प्राचार्यांशी बोलले, सोमवारपासून प्रॅक्टिकल सकाळी साडेदहाला. गेवराईकर दादा, ओळखपत्रासाठी मंगळवारी तिच्या आईबरोबर मीच ग्रामपंचायतीत जाते. वसतिगृहाच्या अर्जाला आणखी कुठली कागदं लागतात, तेवढं सांगा.