विषय: हॉलचे पैसे लेक स्ट्रीटला द्यायचे का?

प्रेषक: विद्यार्थी प्रतिनिधी, २ जून २०२०

नमस्कार मंडळी,
२५ मेला इथे मिनिॲपोलिसमध्ये ३८ वा रस्ता आणि शिकागो ॲव्हेन्यूच्या नाक्यावर पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव घेतला. दुसऱ्याच दिवशी आमच्या विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्ष जाएल केरांडी यांनी मिनेसोटा युनिव्हर्सिटीला पत्र धाडलं: मिनिॲपोलिस पोलिसांशी संबंध तोडा, चोवीस तासांत उत्तर द्या. २७ तारखेला युनिव्हर्सिटीच्या अध्यक्ष जोन गेबल यांचं उत्तर आलंसुद्धा. फुटबॉल सामन्यांसारख्या मोठ्या कार्यक्रमांचा जादा बंदोबस्त आणि स्फोटकं हुंगणारी कुत्री यापुढे शहर पोलिसांकडून घेणार नाहीत. युनिव्हर्सिटीचं स्वतःचं पोलीस खातं आहे तसंच राहिलं, म्हणून बरीच मुलं नाराज आहेत. तरी नुसता शोकसंदेश काढून मोकळे झाले नाहीत. आपल्या मंडळाने तर तोही काढलेला नाही! गणपती यंदा झूमवर. मग हॉलचे वाचलेले पैसे लेक स्ट्रीटवरच्या, फ्लॉइडनंतरच्या दंगलीत जळालेल्या दुकानांना देऊया का?

प्रेषक: एक आजीव सभासद

बाळांनो, झालं ते वाईटच, त्यात दुमत नाही. पण मंडळ गणपती-दिवाळीसाठी आहे. राजकारणात पडलो तर करसवलत जाईल. आणि ती दुकानं जाळली कोणी? आपलं गांधी महाल हॉटेलसुद्धा गेलं. इतकी वर्षं इथे काढली, पोलिसांनी कधी त्रास दिला नाही. आपण बरं, आपलं काम बरं.

प्रेषक: विद्यार्थी प्रतिनिधी

काका, करसवलत जाते ती मुख्यतः निवडणुकीत उमेदवाराचा प्रचार केला तर. गांधी महालच्या मालकांनी, रुहेल इस्लाम यांनी, जखमी आंदोलकांवर उपचार करायला हॉटेलात जागा दिली होती. हॉटेल जळाल्यावरही त्यांचं म्हणणं हेच, की इमारत जळू दे, न्याय झाला पाहिजे.

पोलिसांच्या त्रासाचं म्हणाल तर लार्पेन्टर ॲव्हेन्यू आमच्या सेंट पॉल कॅम्पसला लागूनच आहे. वाणसामानाला आम्ही त्याच रस्त्याने जातो. जुलै २०१६ मध्ये तिथे फिलँडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय माणसाची गाडी ब्रेकचा दिवा बंद म्हणून थांबवली. शाळेच्या खानावळीत काम करणारा माणूस. गाडीत मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी असताना त्याला गोळ्या घातल्या. तो पोलीस पुढच्या वर्षी निर्दोष सुटला. गेल्या हिवाळ्यात माझ्याही गाडीचा दिवा गेला होता. मला थांबवलं, 'दुरुस्त करून घे' म्हणाले आणि गेले.

आणि २०१५ मध्ये अलाबामात सुरेशभाई पटेल मुलाच्या घराजवळ नुसते पायी फिरत होते. पोलिसाने असं आपटलं की अर्धांगवायू झाला. शेजाऱ्याने फोनवर वर्णन 'काळा माणूस' असं केलं होतं. आपलं काम बरं, हे तेही पाळतच होते.

प्रेषक: खजिनदार

हॉलचं डिपॉझिट परत मिळालंय, चेक अजून माझ्याकडेच आहे. मंडळाच्या घटनेप्रमाणे ठराव कार्यकारिणीपुढे यायला हवा, म्हणून रविवारी संध्याकाळी बैठक ठेवतेय. काका, विरोधात मत द्यायचं असेल तरी नक्की या. आणि पुढच्या वर्षी पार्किंगला नेहमीसारखे ऑफ-ड्यूटी पोलीस बोलवायचे का, हाही विषय घेते. त्याचं बिल दरवर्षी मीच भरते. झूमची लिंक उद्या पाठवते.