मदत हवी आहे : रिअल अ‍ॅनालिसिस एकटीने कसं शिकावं?

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणिताला सर एकच, तेही तासिका तत्त्वावर. शिकवतात मनापासून, पण तास संपला की त्यांना पुढच्या कॉलेजची एसटी गाठायची असते. शंका तशाच राहतात.

रिअल अ‍ॅनालिसिस, म्हणजे सीमा, सांतत्य वगैरे काटेकोरपणे सिद्ध करायचा गणिताचा विषय. त्यात अडलंय ते असं. एक्सचा वर्ग हे फल (फंक्शन) २ पाशी संतत (कंटिन्युअस) आहे, हे मला सिद्ध करता येतं. एक्स २ पासून १ च्या आत ठेवला की एक्स अधिक २ हे ५ पेक्षा लहान राहतं, म्हणून १ आणि एप्सिलॉन (फलाच्या किमतीत चालेल इतका फरक) भागिले ५ यांतली लहान संख्या डेल्टा (एक्समध्ये चालेल इतका फरक) घ्यायची. इथवर पटतं. पण हेच फल ० ते १ वर एकसमान संतत (युनिफॉर्मली कंटिन्युअस) आहे आणि सगळ्या वास्तव संख्यांवर नाही, हे नुसतं पाठ आहे. सिद्धता लिहायला बसलं की डेल्टा आधी ठरवायचा की बिंदू, इथेच गाडी अडते. कोणी ओळीओळीने मराठीत समजावून सांगाल का?

पुढे एमएस्सीसाठी आयआयटी जॅम ही प्रवेश परीक्षा द्यायची आहे. एनपीटीईएलचे (आयआयटीच्या प्राध्यापकांचे मोफत ऑनलाइन तास) व्हिडिओ रात्री नेट बरं चालतं तेव्हा उतरवून घेते. ते कोणत्या क्रमाने पाहावेत? एमटीटीएसच्या (विद्यार्थ्यांसाठीचं गणिताचं प्रशिक्षण) शिबिराला खेड्यातल्या कॉलेजातून कोणी गेलं असेल तर तयारी कशी केली तेही सांगा. यंदा कापूस पावसात भिजला, त्यामुळे नागपूरला राहून क्लास लावणं घरी झेपणार नाही. सराव कितीही सांगा, करेन.