प्रति: विलायत-ए-फकीह ही शियांची मूळ श्रद्धा आहे का?
इराणमधील धर्मशास्त्रज्ञांची राजवट, म्हणजेच विलायत-ए-फकीह (फकीहाची सत्ता), शिया पंथाच्या मूळ श्रद्धेतूनच आली, असे या चर्चेत म्हटले गेले आहे. ते मला मान्य नाही. शियांचे बारावे इमाम (पैगंबरांचे वारस मानले जाणारे धर्मनेते) त्यांच्या श्रद्धेनुसार अज्ञातवासात आहेत; ते परत येईपर्यंत फकीहांनी, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकारांनी, अनाथांची मालमत्ता, वक्फ आणि धार्मिक देणग्या यांची देखरेख करावी, एवढे बहुतेक शिया विद्वान मानत आले. एकोणिसाव्या शतकात इराणी धर्मशास्त्रज्ञ मुल्ला अहमद नराकी यांनी हा अधिकार बराच व्यापक केला होता, हे खरे. परंतु राज्याची सत्ता प्रत्यक्ष फकीहाने हाती घ्यावी, ही मांडणी आयातुल्ला (वरिष्ठ शिया धर्मगुरू) खोमेनी यांनी, जे पुढे इराणच्या क्रांतीचे नेते झाले, १९७० मध्ये इराकमधील नजफ येथील व्याख्यानांत केली आणि इराणच्या १९७९ च्या राज्यघटनेत ती उतरली. त्याच नजफमधील अबुल कासिम खोई यांच्यासारख्या श्रेष्ठ आयातुल्लांना ती पटली नव्हती.

मला अधिक अस्वस्थ करते ते पुढचे वळण. जानेवारी १९८८ मध्ये खोमेनींनी प्रतिपादन केले की इस्लामी शासन हा प्राथमिक धर्मादेश असून तो नमाज, रोजा आणि हज यांच्याही आधी येतो. शरियतने राज्याला मर्यादा घालावी, अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांसाठी ही उलटी गंगा होती, कारण आता राज्याचे हितच शरियतची मर्यादा ठरवणार होते. पुढच्याच वर्षीच्या घटनादुरुस्तीत इराणचा सर्वोच्च नेता (राज्याच्या प्रमुखपदी असलेला फकीह) ‘मरजा’, म्हणजे अनुयायांनी ज्याचे अनुकरण करावे असा विद्वान, असण्याची अटही काढून टाकण्यात आली.