ठाण्याच्या किल्ल्यात आधुनिक कलेचे संग्रहालय: असावे की नसावे?

खाडीकाठ (चर्चाप्रस्ताव)

ठाण्याच्या किल्ल्यातला मध्यवर्ती तुरुंग शहराबाहेर हलवावा, ही मागणी नवी नाही. तो खरोखरच हलला तर रिकाम्या वास्तूचे काय करायचे, यावर मात्र ‘संग्रहालय’ या एका शब्दापलीकडे फारसे कोणी बोलत नाही. तिथे तलवारी आणि मेणाचे पुतळे मांडण्याऐवजी आधुनिक कलेचे संग्रहालय व्हावे, असे माझे मत आहे.

जुन्या वास्तूत नवी कला शोभत नाही, हा समज मुंबईतच खोटा ठरला आहे. १९११ साली बांधलेला सर कावसजी जहांगीर हॉल एकेकाळी मैफली आणि सभांसाठी नावाजलेला होता. पुढे तिथे लग्नाचे स्वागतसमारंभ आणि कपड्यांचे सेल भरू लागले, आणि १९९६ साली आतली रचना पार बदलून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले, तेव्हा कुठे त्या इमारतीला पुन्हा मान मिळाला. माद्रिदमध्ये अठराव्या शतकातल्या रुग्णालयाची इमारत अशीच दुरुस्त करून तिथे कला संग्रहालय केले आणि १९९२ पासून पिकासोचे ‘गेर्निका’ हे चित्र तिथे आहे. तिथल्या लिफ्ट दर्शनी भिंतीबाहेर काचेच्या मनोऱ्यांत आहेत, त्यामुळे जुने कोणते आणि नवे कोणते हे पाहणाऱ्याला लगेच कळते.

जांभळीनाका

आपली उदाहरणे चांगली आहेत, पण ती इथे लागू पडत नाहीत. कावसजी जहांगीर हॉल मुळात लोक जमावेत म्हणूनच बांधला होता. ठाण्याच्या किल्ल्याची गोष्ट निराळी आहे. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतलेला हा किल्ला १७३७ साली मराठ्यांनी घेतला आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी. १८१६ साली दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथल्याच कैदेतून निसटले. आणि १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या क्रांतिकारकांना नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल इथेच फाशी देण्यात आली. अशा ठिकाणी वास्तू हेच प्रदर्शन असते. तिथे एखादे अमूर्त चित्र टांगले, तर पाहणाऱ्याने चित्र पाहायचे की भिंत? कोचीच्या अ‍ॅस्पिनवॉल हाऊसमध्ये २०१२ पासून द्वैवार्षिक कलाप्रदर्शन भरते, त्याला माझी हरकत नाही, कारण ती व्यापाऱ्यांची वखार होती. वखारीत कला मांडा, फाशीघरात नको. शिवाय ठाण्यात चित्रांसाठी जागाच नाही असेही नाही; कापूरबावडीला महापालिकेचे कलाभवन आहे.

चुनाविटा

भावनांचा मुद्दा बाजूला ठेवून भिंतीबद्दल लिहितो, कारण जुन्या घरांच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षे गेली आहेत. चुन्याची भिंत चार महिने पाणी पिते आणि उरलेले आठ महिने ते हळूहळू सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट चढवला की ओल आतच कोंडते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) फुटतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे सुटू लागतात. उलट, कॅनव्हास आणि कागदासाठी हवेतली आर्द्रता साधारण पन्नास टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवावी लागते. जुलैत ठाण्याच्या हवेत ती ऐंशीच्या वर असते, आणि किल्ला खाडीजवळ. म्हणजे चित्राला जी हवा मानवते ती वर्षभर यंत्राने राखावी लागणार, आणि तिचे विजेचे बिल कोणी भरायचे हे उद्घाटनाच्या भाषणात कधीच येत नाही. जुन्या भिंतीत एकही खिळा न ठोकता, हातभर अंतर सोडून स्वतंत्र पडभिंती उभ्या केल्या तरच हे जमेल. अशक्य नाही, खर्चिक आहे.

खाडीकाठ

चुनाविटा, हातभर अंतराची सूचना मला पटते. खर्चाबाबतही आपले बरोबर आहे, मात्र शिल्प, दगड आणि धातूकामाला एवढी जपणूक लागत नाही; जयपूरजवळ नाहरगडावरच्या माधवेंद्र महालात २०१७ साली समकालीन शिल्पेच मांडली होती.

जांभळीनाका, फाशीघरात चित्र टांगा असे मी म्हटलेले नाही, पण प्रस्तावात ते स्पष्ट लिहायला हवे होते, ही चूक मान्य करतो. फाशीची जागा आणि कोठड्या जशा आहेत तशा, रिकाम्या ठेवाव्यात. राहता राहिल्या बराकी. तिथे तरी केवळ माहितीफलक लावून काय साधणार? भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, म्हणजे १८७२ साली खुल्या झालेल्या आणि २००८ साली दुरुस्तीनंतर पुन्हा उघडलेल्या वास्तूत, आजचे कलाकार तिथल्या जुन्या संग्रहालाच उत्तर म्हणून काम मांडतात. कैद या विषयावर आजच्या शिल्पकाराने याच बराकीत काही केले, तर त्यात हुतात्म्यांचा अवमान कोणता?

जांभळीनाका

कैदेवरच काम होणार असेल तर माझा विरोध बराच सौम्य होतो. मात्र आपण फाशीघर वगळले, कोठड्या वगळल्या, आणि चुनाविटांच्या म्हणण्याप्रमाणे भिंतीही वगळल्या. तेव्हा प्रस्तावाचे शीर्षक ‘किल्ल्यात’ऐवजी ‘किल्ल्यातल्या बराकींत’ असे करावे, म्हणजे पुढचे प्रतिसाद त्यावरच येतील.