हायवे टाळून लांबचा सायकल रूट कसा आखता?

रानवाट२७:
मंडळी, सहा दिवसांत साधारण ४८० किमी करायचेत, मागे दोन पॅनिअर (कॅरिअरच्या बाजूंना अडकवायच्या बॅगा) लावून. अ‍ॅपला सांगितलं की सरळ हायवे दाखवतं आणि हायवे टाळ म्हटलं की शेतातून नेतं, मधलं काही नाहीच. मागच्या राइडला शेवटचे २२ किमी मोठ्या रस्त्याने काढले, ट्रक शेजारून गेला की आधी बाहेर ढकलल्यासारखं होतं आणि लगेच आत ओढल्यासारखं, हँडल घट्ट धरून धरून बोटं बधिर झाली होती. परत तसं नकोय. जे लोक हे नियमित करतात ते सुरुवात कुठून करतात?

चाकोरीबाहेर:
सुरुवात रस्त्यांपासून करूच नका, अडथळ्यांपासून करा. नदी, रेल्वेलाइन, डोंगररांग, मोठा हायवे, हे ओलांडायच्या जागा मोजक्याच असतात. नदीवर ४० किमीच्या पट्ट्यात तीनच पूल असतील तर त्यातला शांत कोणता ते आधी ठरवायचं, मग खिंड, मग हायवेखालचा बोगदा. हे खिळे एकदा ठोकले की मधले तुकडे जोडणं सोपं जातं. मी पूर्वी गावागावांतून रस्ता विणत जायचो आणि संध्याकाळी नदीच्या काठाला येऊन लक्षात यायचं की पुलासाठी पुन्हा त्या गर्दीच्याच रस्त्याला लागायचंय.

दुसरं म्हणजे रस्ता अरुंद आहे म्हणून शांत असेल असं नाही. त्या रस्त्याने लोक कशाला जातील हे बघा. दोन मोठ्या गावांना जोडणारा शॉर्टकट असेल तर सकाळ-संध्याकाळ गाड्या सुसाट जाणार. सॅटेलाइटवर कडेला पांढरे फटक पडलेले खड्डे दिसले तर बहुतेक खाण असते, म्हणजे डंपर आलेच. याउलट नवा बायपास झालाय तिथला जुना रस्ता सोनं असतो, डांबर ठीकठाक, रुंदी भरपूर आणि वाहतूक सगळी पलीकडे गेलेली. बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची वाट केली असेल तर ती सोडूच नका, रेल्वेला तीव्र चढ झेपत नाही म्हणून अशा वाटांचा चढ सहसा २ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमीच असतो, सामान लादलेल्या सायकलला याहून चांगलं काय हवं!

निवांत_पेडल:
टूलबद्दल थोडं. ब्राउटर हे रूट आखायचं टूल वापरून बघा, त्यात प्रोफाइल म्हणजे कसे रस्ते हवेत ते निवडता येतं, ट्रेकिंग प्रोफाइल मोठे रस्ते शक्यतो टाळतं. ब्राउटर काय किंवा कोमूटसारखं रूटचं अ‍ॅप काय, दोन्हींचा नकाशा मुळात ओपनस्ट्रीटमॅपचाच, तोही लोकांनीच भरलेला, त्यामुळे जिथे पृष्ठभागाची नोंदच नाही तिथे अ‍ॅप अंदाज करतं. कच्च्या वाटांना त्यात ग्रेड १ ते ५ असतात, १ म्हणजे घट्ट, ५ म्हणजे मऊ माती. ३५ ते ४० मिमीच्या टायरवर मी ग्रेड २ पर्यंत निर्धास्त जातो, ३ कोरडं असेल तरच. स्ट्राव्हा या राइड नोंदवायच्या अ‍ॅपची हीटमॅप (लोक कुठून जातात ते दाखवणारा नकाशा) पण बघा, पण एक लक्षात ठेवा, रेघ ठळक म्हणजे तिथून सायकलवाले जास्त जातात एवढंच. रोडबाइकवाले सराव करतात तो रस्ता मोठाही असू शकतो.

चढाच्या आकड्यावर पूर्ण भरवसा नको. उंचीचा डेटा बऱ्याचदा २००० साली स्पेस शटलमधून रडारने मोजलेला असतो, त्याला बोगदा दिसत नाही, वरचा डोंगरच दिसतो. दरीच्या कडेने जाणाऱ्या रस्त्याचंही तेच, बिंदू थोडा सरकला की उतारावर पडतो आणि चढ उगाच फुगतो.

रानवाट२७:
अडथळ्यांपासून सुरुवात, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता बसून पूल मार्क केले, तिसऱ्या दिवशी खरंच एकच पूल आहे आणि तो मोठ्या रस्त्यावर. मग तिथे काय करायचं, ३० किमीचा वळसा घालू का?

घाटवेडी:
नको, वळसा घालू नका. पूल किती लांब आहे ते बघा, अर्धा किमी असेल तर पहाटे उजाडल्या उजाडल्या ओलांडा, त्यासाठी आदल्या रात्रीचा मुक्काम पुलाच्या अलीकडे ४-५ किमीवर ठेवा. रस्ता तोच असतो पण सकाळी सहाचा आणि नऊचा यात जमीन-अस्मानाचा फरक. शंभर टक्के शांत रूटचा हट्ट मी सोडलाय, ३ किमी मोठ्या रस्त्याने १५ किमी दगडगोटे वाचत असतील तर मी ते ३ किमी घेते.

आणि प्रत्येक कच्च्या तुकड्याला सुटकेचा रस्ता आधीच काढून ठेवा. मला एकदा नकाशावर सलग दिसणारी कालव्याकाठची वाट ९ किमी आत गेल्यावर कुलूपबंद फाटकाशी संपलेली सापडली. फाटक खांद्याएवढं, कडेला काटेरी तार, सामान एकेक उतरवून पलीकडे टाकलं आणि सायकल उचलताना पॅनिअरचा हुक तुटला, पुढचे दोन दिवस ती बॅग दोरीने बांधून काढले. नंतर सॅटेलाइटवर झूम करून पाहिलं तर फाटकाची सावली स्पष्ट दिसत होती. तेव्हापासून शंकेचा प्रत्येक तुकडा झूम करून बघते, वेळ जातो पण बघतेच.

चाकोरीबाहेर:
+१. जीपीएक्स, म्हणजे जीपीएस यंत्रात टाकायची रस्त्याची फाइल, काढताना ट्रॅक म्हणून काढा, रूट म्हणून नको. रूट फाइलमध्ये मोजके बिंदू असतात आणि मधला रस्ता यंत्र स्वतः ठरवतं, तुम्ही टाळलेला हायवे परत येतो. वेळेचं म्हणाल तर सामानासकट डांबरावर ताशी १५, कच्च्यावर १०, आणि दर १०० मीटर चढाला १० मिनिटं वरून धरा. सहा दिवसांत ४८० म्हणजे रोज ८०, कच्चं जास्त असेल तर एक दिवस वाढवा.

रानवाट२७:
सात दिवस करतोय मग. तिसऱ्या दिवसाचा मुक्काम पुलाच्या अलीकडे सरकवला, आता कच्चे तुकडे झूम करून बघायला बसतो, एकूण अकरा आहेत.