एका कसोटीला 'कारकीर्द' म्हणावे का?

प्रश्न, साताऱ्याहून :

आमच्या पेठेतील वाचनालयात दर महिन्याला एक भित्तिफलक लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. या महिन्यात मी एक-दोन कसोट्या खेळून पुन्हा संघात न दिसलेल्या क्रिकेटपटूंची माहिती लिहिली आणि वर ठळक अक्षरांत मथळा दिला : 'काळाच्या पडद्याआड गेलेले कसोटीपटू'. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारे एक आजोबा फलकासमोर बराच वेळ उभे राहिले आणि टोपी हातात घेऊन त्यांनी मला विचारले, "अहो, हे सगळे गेले? यातल्या एकाला तर मी परवाच टीव्हीवर बोलताना पाहिले." मी त्याच दिवशी मथळ्यावर कोरी पट्टी चिकटवली, आणि ती अजून कोरीच आहे.

माझ्या दोन शंका आहेत. व्यक्तीच्या बाबतीत 'काळाच्या पडद्याआड जाणे' हा प्रयोग मृत्यूखेरीज अन्य अर्थाने करताच येत नाही काय? आणि दुसरी शंका अशी की, 'सलील अंकोला यांची कसोटी कारकीर्द एका सामन्याची होती' असे वाक्य मी लिहिले आहे, ते माझे मलाच खटकते. सोलापुरात जन्मलेले अंकोला १९८९ साली कराचीला सचिन तेंडुलकर यांच्याबरोबरच पहिली कसोटी खेळले आणि तीच त्यांची शेवटची ठरली. एका सामन्याला कारकीर्द म्हणणे म्हणजे एका पायरीला जिना म्हणण्यासारखे होत नाही का?

वाईहून :

आपल्या आजोबांचे बरोबर आहे. रंगभूमीवरचा पडदा या प्रयोगात नुसता दिसायला आहे. वाचकाच्या कानात भरतो तो 'काळ' हा शब्द, आणि मराठीत काळ म्हणजे वेळही आणि यमही. वस्तूंच्या आणि चालीरीतींच्या बाबतीत धोका नसतो. चार आण्यांचे नाणे काळाच्या पडद्याआड गेले, असे लिहिल्यास कोणी दुखवट्याला येणार नाही. माणसाचे नाव आले की मात्र तो निधनाच्या बातमीचा मथळा होतो.

'विस्मृतीत गेलेले' हा प्रयोग निर्धोक असला, तरी तो सगळ्यांना लागू पडत नाही. हृषीकेश कानिटकर हे नाव चाळिशी ओलांडलेल्या कोणाही मराठी माणसापुढे उच्चारून पाहावे, समोरचा "ढाक्याचा चौकार!" म्हटल्यावाचून राहणार नाही. १८ जानेवारी १९९८ रोजी पाकिस्तानच्या ३१४ धावांचा पाठलाग करताना दोन चेंडूंत तीन धावा हव्या होत्या, अंधारून आले होते, आणि सकलेन मुश्ताकच्या चेंडूवर या डावखुऱ्या फलंदाजाने चौकार मारून सामना संपवला. त्यांच्या दोन कसोट्या आणि ३४ एकदिवसीय सामने किती जणांना आठवतात? फटका स्मरणात राहिला आणि फलंदाज विसरला गेला. याला ग्रंथांत 'अर्धविस्मृत' असा शब्द सापडेल, पण तो बोलताना कोणाच्या तोंडी येत नाही. आपण सगळे 'नाव ऐकल्यासारखे वाटते' असे म्हणतो, आणि माझ्या मते तेच नेमके आहे.

सांगलीहून :

'कारकीर्द' हा शब्द फारसीतून आला आहे. 'कार' म्हणजे काम आणि 'कर्द' म्हणजे केले. फारसीत त्याचा अर्थ केलेले काम, कामगिरी असा होतो. मराठीत मात्र तो दरबाराच्या वाटेने आल्यामुळे राजाचा किंवा अधिकाऱ्याचा अंमल या अर्थी रुळला. क्रीडापानांनी 'करिअर' या शब्दाच्या जागी तो बसवला, ती अलीकडची गोष्ट आहे. आपण साताऱ्याचे असल्यामुळे छत्रपती शाहू महाराजांची कारकीर्द म्हटले की १७०८ ते १७४९ अशी एकेचाळीस वर्षे आपल्या डोळ्यांसमोर उभी राहत असतील, आणि त्या मापाने एक सामना ही पायरीसुद्धा वाटणार नाही. पण त्याच साताऱ्याच्या गादीकडून १७७२ साली पेशवाईची वस्त्रे मिळालेले नारायणराव पुढच्याच वर्षी ३० ऑगस्टला मारले गेले, आणि त्या जेमतेम नऊ महिन्यांनाही इतिहासकार 'नारायणरावांची कारकीर्द' असेच म्हणतात. याचा अर्थ, या शब्दात कालावधी मोजलेला नाही. वस्त्रे मिळाली की कारकीर्द सुरू होते. कसोटीच्या टोपीला वस्त्रे मानायचे की नाही, एवढाच प्रश्न उरतो, आणि मी तरी ती मानतो.

शिवाय थोड्या सामन्यांतही सगळा चढउतार येऊ शकतो. डोंबिवलीच्या नीलेश कुलकर्णी यांनी १९९७ साली कोलंबोच्या कसोटीत आपल्या पहिल्याच चेंडूवर मार्वन अटापट्टूला बाद केले. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर पूर्ण दोन दिवस भारताला दुसरा गडी मिळाला नाही. जयसूर्या आणि महानामा यांनी ५७६ धावांची भागीदारी केली आणि श्रीलंकेने ६ बाद ९५२ असा डोंगर रचला. कुलकर्णींच्या नावापुढे ७० षटके, १९५ धावा आणि तोच एक बळी राहिला. पुढे आणखी दोन कसोट्या आणि आणखी एक बळी. याला कारकीर्द म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे?

उलट बाजूनेही पाहावे. वेस्ट इंडीजच्या अँडी गँटॉम यांनी १९४८ साली आपल्या एकमेव कसोटीत ११२ धावा केल्या, त्यामुळे त्यांची सरासरी ११२ राहिली, म्हणजे ब्रॅडमन यांच्या ९९.९४ पेक्षा अधिक. न्यूझीलंडचे रॉडनी रेडमंड १९७३ साली ऑकलंडला पाकिस्तानविरुद्ध १०७ आणि ५६ धावा करून गेले, ते गेलेच. अशांची कारकीर्द अपुरी म्हणता येईल, पण ती नव्हतीच असे कसे म्हणणार?

जाता जाता शुद्धलेखनाबद्दल : मूळ शब्द 'कारकीर्द' असा दीर्घ, पण सामान्यरूपात 'कारकिर्दीत' असा ऱ्हस्व. आपल्या फलकावर काय आहे, ते पाहून घ्यावे.

मिरजेहून :

'औटघटकेची कारकीर्द' असा प्रयोग कोणी सुचवण्याआधीच सांगतो की तो टाळावा. औट म्हणजे साडेतीन. जुन्या शाळेत दिडकी, अडीचकीनंतर औटकी पाठ करावी लागे, आणि संतवाङ्मयात देहाला 'औट हात' म्हटले आहे. घटका चोवीस मिनिटांची, म्हणून औट घटका म्हणजे चौऱ्याऐंशी मिनिटे. क्रिकेटच्या हिशेबात एका सत्रापेक्षाही कमी. गंमत म्हणजे आमच्याकडे मैदानावर 'आऊट'चा उच्चारही 'औट' असाच होतो, त्यामुळे मुले त्याचा अर्थ 'लगेच बाद होणारा' असा लावतील आणि तो अगदीच चुकीचा ठरणार नाही.

पण माझा आक्षेप वेगळा आहे. या शब्दाला कुत्सितपणाचा वास आहे. नशिबाने किंवा कपटाने हाती आलेली आणि टिकण्याची लायकी नसलेली सत्ता, तिला आपण औटघटकेची म्हणतो. मद्रासचे एम. जे. गोपालन १९३४ साली कोलकात्याला एकच कसोटी खेळले. हॉकीतही ते भारताकडून खेळलेले होते. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या हॉकी निवडीकडे पाठ फिरवून ते क्रिकेट संघाबरोबर इंग्लंडला गेले, तिथे त्यांना एकही कसोटी मिळाली नाही, आणि इकडे हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्याच कसोटीत पहिला चेंडू खेळलेले जनार्दन नवले दोन कसोट्यांतच थांबले. यांच्यापुढे 'औटघटकेचे' हा शब्द लिहायला माझा हात धजणार नाही.

कऱ्हाडहून :

'अल्पजीवी'ही नको. लेगस्पिनर सदाशिव शिंदे सात कसोट्या खेळले, त्यांत १९५१ साली दिल्लीला इंग्लंडविरुद्ध ९१ धावांत ६ बळी. आणि १९५५ साली पस्तिशीही न गाठता ते वारले. त्यांच्या बाबतीत 'अल्पजीवी' हा शब्द खेळाऐवजी माणसालाच लागेल.

सांगलीहून, पुन्हा :

एक मुद्दा राहिला. 'कसोटीपटू' हा शब्द आपल्याकडच्या 'पैलवान' या शब्दासारखा वागतो. तालीम सुटून तीस वर्षे झाली तरी गावात पैलवान हा पैलवानच असतो. आमच्या कवठेपिरानचे मारुती माने १९६४ साली हिंदकेसरी झाले आणि त्यांचे नाव पुढे जन्मभर त्या पदवीवाचून कोणी घेतले नाही. एक कसोटी खेळलेल्याला ही पदवी तशीच मिळते. न खेळलेल्याला मात्र ती काही केल्या मिळत नाही. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर १९४८ साली पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते, ब्रॅडमन यांचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर होता, आणि प्रतिपक्षाने सामनाच सोडून दिला. कसोटीत त्यांची निवड कधीच झाली नाही, म्हणून त्यांना 'कसोटीपटू' म्हणता येत नाही. शब्द इतका निष्ठुर आहे, म्हणूनच तो ज्याला मिळाला त्याच्याकडून काढून घेऊ नये.

साताऱ्याहून :

आपणा सर्वांचा आभारी आहे. 'कारकीर्द' ठेवतो आहे. 'अंकोला यांच्या कसोटी कारकिर्दीत कराचीचा एकच सामना आहे' असे वाक्य केले, आणि 'कारकीर्दीत' असे दोन ठिकाणी चुकीचे लिहिलेले होते, तेही सुधारले. मथळ्यासाठी 'एका-दोन कसोट्यांचे मानकरी' असे लिहिण्याचे ठरवले, कारण जत्रेत पालखीचा मान एकदाच मिळाला तरी माणूस मानकरीच ठरतो. त्यावर आजोबांनी, "मग कानिटकर आणि निंबाळकर कुठे बसवणार?" असे विचारले. कानिटकरांच्या दोन कसोट्या असल्यामुळे ते मथळ्यात बसतात. निंबाळकरांसाठी फलकाच्या खाली वेगळा कागद लावला आहे आणि त्याला मथळा दिलेला नाही.