'गाळा', 'चाळा' की 'निवडा'? कामांच्या यादीतला शोध आणि त्याचे शब्द

फोंडा, मूळ प्रश्न

आमच्या गावच्या नाट्यमंडळाने यंदा जत्रेच्या नाटकाची सगळी कामे मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये आणली आहेत. ॲपचे मराठी भाषांतर अर्धवट होते, ते पुरे करायचे मी अंगावर घेतले. बाकीचे शब्द जमले, शोध आणि फिल्टरच्या पानावर मात्र अडलो आहे.

प्रत्येक कामाला टॅग लावता येतो: नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा, तालीम, वर्गणी. टॅगवर बोट ठेवले की तेवढीच कामे समोर राहतात. जुन्या भाषांतरात तिथे 'टॅगनुसार गाळा' असे होते. नेपथ्य सांभाळणाऱ्यांनी ते वाचून मला विचारले, "नेपथ्य गाळलं तर आमची कामं जाणार ना?" मला त्यांचे वाचणे बरोबर वाटते. 'गाळलेल्या जागा भरा' शिकलेल्या माणसाला 'गाळा' म्हणजे 'सोडून द्या' हेच कळणार. यासाठी नेमके क्रियापद कोणते?

म्हापसा, निवृत्त शिक्षक

तुमची शंका रास्त आहे. 'गाळणे' या क्रियापदाला दोन तोंडे आहेत. चहा गाळला की गाळलेला चहा हवा असतो. शब्द गाळला की गाळलेला शब्द नको असतो. द्रव पदार्थ असेल तेव्हा संदर्भाने अर्थ लागतो. यादी, मजकूर, नावे यांच्या बाबतीत मराठी माणूस दुसराच अर्थ घेतो. 'निमंत्रणाच्या यादीतून त्यांचं नाव गाळलं' हे वाक्य ऐकून कोणालाही आनंद होत नाही.

'चाळणे' कोरड्या वस्तूचे, त्यामुळे यादीला जवळचे वाटते. पण 'वर्तमानपत्र चाळले' म्हणजे वरवर पाहिले. 'पाखडणे' म्हणजे फोलपट उडवून लावणे, ते फक्त नको त्याच्याशी बांधलेले. राहिले 'निवडणे'. तांदूळ निवडताना आपण खरे तर खडे बाजूला काढतो, तरी 'निवडलेले' म्हणजे राखलेले हा अर्थ पक्का आहे. निवडणुकीतही तेच.

माझे मत: क्रियापदाच्या मागे लागूच नका. बटणावर 'फक्त ही दाखवा' आणि 'ही वगळा' असे लिहा. फिल्टर या एका इंग्रजी शब्दात राखणे आणि टाकणे ही दोन्ही कामे भरली आहेत. मराठीत ती वेगळी सांगावी लागतात, आणि वेगळी सांगितल्याने वापरणाऱ्याचेच भले होते.

फोंडा

सर, 'फक्त ही दाखवा' एकदम पटले. पानाचे नाव 'फिल्टर' असेच ठेवतो, पाण्याच्या फिल्टरमुळे तो शब्द घरोघरी आहे.

आता दुसरी अडचण. दोन टॅग निवडले की मध्ये 'आणि' किंवा 'किंवा' यांतले एक घ्यावे लागते. मंडळात मी 'नेपथ्य आणि प्रकाश यांची कामे' म्हटले तर सगळे दोन्ही विभागांची एकत्र यादी समजतात. ॲप मात्र ज्या कामांवर दोन्ही टॅग आहेत तेवढीच दाखवते, म्हणजे जेमतेम दोनचार. लोकांना वाटते बाकीची कामे पुसली गेली. जॉर्ज बूलने १८५४ साली मांडलेल्या तर्कशास्त्रातून हा 'आणि' संगणकात आला, त्याचे गणित चोख आहे. पण बोलीतला 'आणि' बेरीज करतो आणि त्याचा 'आणि' काट मारत जातो. मी 'दोन्ही टॅग असलेली' आणि 'यांपैकी कोणताही टॅग असलेली' असे केले आहे. लांब होते, पण गैरसमज राहत नाही.

म्हापसा, निवृत्त शिक्षक

लांब असू दे. फक्त टॅग दोनपेक्षा जास्त झाले की 'दोन्ही' चुकेल. 'सर्व टॅग असलेली' लिहा, ते दोनांनाही चालते.

मडगाव, सॉफ्टवेअरमध्ये काम करते

शब्दांचे छान चालले आहे, पण शोधाची पेटी मराठीत नीट चालते का हे पाहिलेत का दादा? माझ्या अनुभवात खरा घोळ तिथे असतो. 'तालीम' शोधून पाहा. 'तालमीला हार्मोनियम आणणे' हे काम सापडणार नाही, कारण साधा शोध अक्षरे जशीच्या तशी जुळवतो आणि 'तालमी'त 'ली' कुठेच नाही. 'पडदा' शोधला तर 'पडद्याच्या दोऱ्या' हाती लागत नाही. 'वेशभूषा' शोधून 'वेशभूषेचे भाडे' मिळत नाही. 'नेपथ्य' मात्र 'नेपथ्याचे' मध्ये जसाच्या तसा असल्याने सापडतो, म्हणून वाटते की शोध ठीक आहे. इंग्रजीत नामाला शेवटी एखादे अक्षर जोडून भागते. आपल्याकडे विभक्तीच्या आधी सामान्यरूप होते आणि शब्दाच्या पोटातलाच स्वर बदलतो किंवा नाहीसा होतो.

यावर एक उपाय मी वापरला आहे. शोधाच्या वेळी शब्दातले सगळे स्वर बाजूला ठेवायचे, व्यंजनांचा सांगाडा करायचा आणि सुरुवातीपासून जुळवायचा. 'तालीम'चा सांगाडा त-ल-म, 'तालमीला'चा त-ल-म-ल. जुळले. 'पडदा', 'वेशभूषा', 'लाकूड' (लाकडाचा), 'रस्ता' (रस्त्यावर) सगळे जुळतात. अनुस्वार आणि पंचमवर्ण (ङ, ञ, ण, न, म) आधी एकसारखे केले की 'गोमंतक' आणि 'गोमन्तक' यांचाही भेद उरत नाही. हे गोव्यात महत्त्वाचे, कारण १९६२ साली सुरू झालेल्या आपल्या दैनिकाचे नाव जोडाक्षराने लिहितात आणि लोक टाइप मात्र अनुस्वाराने करतात.

पण किंमत मोजावी लागते. 'तालीम' शोधल्यावर 'तलम कापड' सुद्धा येते, आणि वेशभूषेच्या यादीत ते असणारच. 'दार' शोधले तर 'दर', 'दौरा' सगळे येऊन बसतात. म्हणून दोन पायऱ्या ठेवाव्यात: जशीच्या तशी जुळणारी कामे वर, सांगाड्याने जुळणारी खाली. सांगाडा निदान तीन व्यंजनांचा असेल तरच दुसरी पायरी चालवावी.

आणि कृपया हिंदीसाठी लिहिलेले नियम तसेच उचलू नका. हिंदीत अक्षराखालचा नुक्ता, म्हणजे ठिपका, शोधासाठी काढून टाकणे सोयीचे, कारण लोक तो देतात किंवा देत नाहीत. यूनिकोडच्या, म्हणजे संगणकात अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, दृष्टीने आपला 'ऱ' म्हणजे र आणि नुक्ता. नुक्ता काढला की 'दऱ्या' चे 'दर्या' होते. तुमच्याकडे दर्याचा पडदा आणि डोंगरदऱ्यांचा पडदा असे दोन पडदे असतील तर कोणता रंगवायला दिलाय तेच कळायचे नाही.

त्यातही 'दऱ्या' दोन प्रकारे टाइप होते. काही कळफलक 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर देतात, तर काही र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला वेगळे. ते जोडचिन्ह नुसते पुसले तर पुन्हा 'दर्या'च उरते. त्याचे 'ऱ' मध्ये रूपांतर करायला हवे. 'ॲ' चेही तसेच: एकच अक्षर म्हणून टाइप होते, किंवा अ वर वेगळी खूण देऊन. यूनिकोड या दोघांना आपोआप एक मानत नाही, आपण सांगावे लागते.

फोंडा

ताई, तुम्ही सांगितल्यावर शोधून पाहिले. तालमीची बहुतेक कामे खरोखर अदृश्य आहेत. आणि 'दोरी'? तुमचा 'ऱ' वेगळा ठेवला तर 'दोरी' वरून 'दोऱ्या' कशा मिळणार?

मडगाव

बरोबर पकडलेत. पहिल्या पायरीत र आणि ऱ वेगळे, दुसऱ्या पायरीत एकच. पण 'दोरी'त दोनच व्यंजने, म्हणजे तीनाच्या अटीमुळे ती दुसऱ्या पायरीवर पोचतच नाही. असे रोजचे छोटे शब्द हाताने यादीत घालावेत: दोरी–दोऱ्या, काठी–काठ्या, वही–वह्या. नाटकमंडळाला लागणारे असे शब्द फार नसतात, एका बैठकीत यादी होईल.

पेडणे

मी शेतकऱ्यांच्या संघटनेचे काम पाहतो, आमच्याकडेही कामांची यादी मोबाइलवर आहे. आमचा महत्त्वाचा शब्द 'मानस', खाजन शेतीच्या (खाडीकाठच्या खारट जमिनीतल्या शेतीच्या) बांधातली पाण्याची झडप. वाक्यात 'मानशीची दुरुस्ती', 'मानशीचा लिलाव' असाच येतो. ताईंच्या सांगाड्यानेही तो निसटतो, कारण 'स' चा 'श' होतो. याला शोधापेक्षा टॅग बरा.

आमची अडचण वेगळी. कोणी 'लिलाव' असा टॅग करतो, कोणी 'पावणी'. वस्तू एकच. 'लिलाव' पोर्तुगीजमधून आला आणि सगळ्या मराठीत पसरला. 'पावणी' आपल्या देवळांच्या अंगणात ऐकू येते. मला दोन्ही हवेत. पण एका टॅगवर बोट ठेवले की अर्धी कामे दिसत नाहीत. 'मडगाव' आणि 'मडगांव' असेही दोन टॅग झाले आहेत.

मडगाव

काका, टॅग आणि शोध यांची तत्त्वे उलटी आहेत. शोध सैल असावा, टॅग घट्ट. टॅग वाक्यात येत नाही, त्याला विभक्ती लागत नाही, म्हणून तो नेहमी मूळ रूपात, एकाच लेखनात हवा. नवा टॅग टाइप करतानाच ॲपने जवळचे जुने टॅग सुचवले की 'मडगांव' जन्मालाच येत नाही. 'पावणी' आणि 'लिलाव' एकमेकांचे पर्याय म्हणून नोंदवता आले पाहिजेत: नाव ज्याला जे आवडते ते दिसावे, कामे दोन्हींची यावीत. ग्रंथालयांत हे फार जुने आहे. सूचीत एका शब्दावर 'पाहा' लिहून दुसऱ्याकडे पाठवतात. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पासूनची, तिथली जुनी सूची पाहिलेल्यांना हे सांगायला नको.

म्हापसा, निवृत्त शिक्षक

पेडण्याच्या मित्रांनी लिलावाची आठवण दिली ती बरी. चावी, पगार, लिलाव पचवणाऱ्या भाषेला 'टॅग' जड नाही. 'खूण' सुंदर शब्द आहे, पण 'काम झाले' अशी खूणही याच ॲपमध्ये असणार, मग गोंधळ. टॅगच ठेवा.

मात्र तुमच्या भाषांतरात 'टॅग काढा' असेल तर आधी तो बदला. चित्र काढतात तेव्हा ते तयार होते, काटा काढतात तेव्हा तो जातो. 'काढून टाका' लिहा. आणि 'टास्क'ला 'कार्य' नको. आपल्याकडे 'घरात कार्य आहे' म्हटले की लोक आहेराचा विचार करतात. 'काम' पुरेसे आहे.

फोंडा

'टॅग काढा' होतेच, आता 'काढून टाका' केले. शोधातून काहीच मिळाले नाही तर 'परिणाम नाहीत' असे येत होते, तिथे 'या शब्दाचे काम सापडले नाही' केले, कारण परिणाम औषधाचा होतो. शेजारी 'सर्व टॅग असलेली', 'कोणताही टॅग असलेला चालेल' आणि 'ही वगळा' असे तीन पर्याय. पहिल्या दोन वाक्यरचना एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून दुसरी 'यांपैकी एकतरी टॅग असलेली' अशी करतो आहे.

ताईंच्या दोन पायऱ्या आणि 'ऱ' ची बाब ॲप लिहिणाऱ्यांना कळवली, 'दर्या' आणि 'दऱ्या' ही जोडी उदाहरण म्हणून दिली. पर्यायी टॅगची मागणी वेगळी नोंदवली. एक विचारायचे राहिले: मुदत टळून गेलेल्या कामांना जुन्या भाषांतरात 'देय' म्हटले आहे. मला 'देय' म्हणजे द्यायची रक्कम एवढेच ठाऊक. 'मुदत उलटलेली' चालेल का, की मोबाइलच्या अरुंद पट्टीत बसेल असा आणखी आखूड शब्द कोणाकडे आहे?

पेडणे

'थकलेली' म्हणा. आमच्या संघटनेत वर्गणी थकते तशी कामेही थकतात, आणि सगळ्यांना कळते.